बंद कारखान्याची माती आधी तपासा, भंगार नंतर विका

प्रति,
मा. संपादक,
स.न.

विषय : बंद रासायनिक कारखान्यांच्या जागांचा पुनर्विकास

महोदय,

ठाण्याचा कोलशेत-बाळकुम पट्टा, भांडुप-कांजूरमधला लालबहादूर शास्त्री मार्ग, पिंपरी-चिंचवड अशा ठिकाणी रसायने, औषधे, रंग आणि यंत्रे बनवणाऱ्या कारखान्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, अजून राहत आहेत. याला आमचा विरोध नाही. शहराच्या मध्यावरची जमीन गवत आणि साप वाढवत पडून राहावी, असे कोणी म्हणणार नाही. आमचे म्हणणे कामाच्या क्रमाबद्दल आहे, कारण तो क्रम सध्या उलटा आहे.

कारखाना बंद पडतो, प्रकरण बँका आणि लिक्विडेटरकडे (मालमत्ता विकून देणी भागवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाते. यंत्रसामग्रीचा 'जेथे आहे, जसे आहे' या अटीवर लिलाव होतो. सर्वांत जास्त बोली लावणारा भंगाराचा ठेकेदार पंधरा-वीस पोरे आणि गॅस कटर घेऊन आत शिरतो आणि काही महिन्यांत शेड, टाक्या, पाइप, केबल सगळे कापून नेतो. मागून जेसीबी येऊन जमीन सपाट करतो. मातीचे चार नमुने घेण्याची वेळ येते ती यानंतर, आणि तीही कोणी मागितले तर. तोवर कोणती टाकी कुठे होती, सांडपाणी साठवण्याचा खड्डा (संप) कुठे होता, ड्रम कुठे धूत असत, हे सांगणारी एकही खूण जागेवर उरलेली नसते. नमुना कुठून घ्यायचा हेच कळत नसेल तर अहवाल स्वच्छच येणार.

यातला धोका काल्पनिक नाही. कोडाईकनालचा थर्मामीटर कारखाना आठवा. २००१ च्या मार्चमध्ये तिथल्या मुंजिकल भागातल्या एका भंगाराच्या दुकानात पाऱ्याने माखलेल्या काचेचा ७.४ टन चुरा सापडला. कारखाना बंद झाला तो या भंगारामुळे. २००३ मध्ये पारा असलेला सुमारे २९० टन कचरा जहाजाने अमेरिकेला परत पाठवावा लागला. पुढे यंत्रे स्वच्छ करून हलवली गेली, पण मातीतला पारा तिथेच राहिला. ही जागा डोंगराच्या कडेला आहे आणि खाली पाम्बार शोला हे जंगल. माती किती धुवायची, एका किलोमागे २० मिलिग्रॅम पारा राहिला तर चालेल की नाही, यावर कारखाना बंद झाल्यानंतर पंधरा वर्षांनीही वाद चालूच होता. तिथल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाने मान्य केलेला आकडा २०, तर कॅनडात राहत्या वस्तीसाठी मर्यादा ६.६. पहिला चुरा दाराबाहेर जाण्याआधी कोणी पाहिले असते तर निदान भंगारवाल्याच्या दुकानापर्यंत पारा पोचला नसता.

दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये भंगारात किरणोत्सारी कोबाल्ट-६० आले आणि एक माणूस गेला. ते यंत्र कारखान्यातले नव्हते, विद्यापीठाच्या प्रयोगशाळेचे होते. पण टाकीतली पातळी किंवा कागदाची जाडी मोजणारे किरणोत्सारी गेज अनेक जुन्या कारखान्यांत बसवलेले असतात. बाहेरून ते शिशाच्या जड डब्यासारखे दिसते आणि शिशाला भाव चांगला येतो. म्हणून गेटमधून पहिला ट्रक बाहेर पडण्यापूर्वी अणुऊर्जा नियामक मंडळाकडची त्या कारखान्याची नोंद तपासून प्रत्येक स्रोत पुरवठादाराला परत गेल्याचा कागद हातात हवा.

कागदांवरून आठवले. सुरुवात तिथूनच करायची असते आणि याला खर्च जवळजवळ शून्य. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रांची जुनी फाइल, घातक कचऱ्याची वार्षिक विवरणे, कारखाना निरीक्षकाने मंजूर केलेला लेआउट आणि जुनी उपग्रहचित्रे एकत्र ठेवली की कच्चा नकाशा तयार होतो. यात एक मेख आहे. संमतीपत्रे सत्तरच्या दशकात जलप्रदूषणाचा कायदा आल्यानंतरची, म्हणजे साठच्या दशकातल्या कारखान्याची पहिली वर्षे कागदावर नसतातच. ती फक्त जुन्या कामगारांच्या डोक्यात असतात. ईटीपी (सांडपाणी शुद्ध करणारे संयंत्र) येण्यापूर्वी गाळ कुठे पुरला, कोणता नाला मागच्या कुंपणाखालून जायचा, कुठली टाकी गळायची, हे शिफ्टमध्ये काम केलेला फिटर जागेवर बोट ठेवून सांगतो. देणी थकलेली असतात, युनियनचे आणि मालकाचे बोलणे बंद असते, आणि त्यामुळे त्यांना कोणी विचारतच नाही. खरे तर तपासणीचा निम्मा नकाशा त्यांच्याकडे असतो.

आता टाक्यांबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण पाडकामात माणसे मरतात ती इथे. ठेकेदाराचा मुकादम मॅनहोल उघडतो, दोन दिवस 'हवा खाऊ' देतो आणि कटर चालवतो. फार तर गॅस मीटर आत सोडून 'शून्य दाखवतोय' म्हणतो. शून्य का दाखवतो याची तीन कारणे असू शकतात. पहिले, मीटरची नळी वरच अडकली आहे आणि जड वाफ तळाशी आहे. म्हणून वर, मध्ये आणि तळाला अशा तीन पातळ्यांवर मोजायचे. दुसरे, टाकीत नायट्रोजन सोडलेला आहे. ज्वलनशील वायू मोजणारे नेहमीचे कॅटॅलिटिक सेन्सर ऑक्सिजनशिवाय चालत नाहीत, त्यामुळे टाकी वाफेने भरलेली असली तरी काटा हलत नाही. म्हणून आधी ऑक्सिजन मोजायचा, मग ज्वलनशील वायू, मग विषारी वायू, हा क्रम मोडायचा नाही. गंधकाच्या संयुगांनी किंवा सिलिकॉनने हेच सेन्सर निकामी होतात आणि तसे झाल्याचे मीटर आपणहून सांगत नाही. रोज सकाळी ज्ञात गॅसवर मीटर तपासणे एवढाच त्यावर उपाय. तिसरे कारण सर्वांत फसवे. टाकी खरोखर रिकामी असते, पण तळाशी किंवा गंजाच्या पापुद्र्याखाली चिखलासारखा अवशेष असतो. थंड असेपर्यंत तो गप्प असतो. कटरची ज्योत लागली की तापून वाफ सोडतो आणि ठिणगी तर जवळच असते.

म्हणून टाकीला जोडलेले सगळे पाइप नुसते व्हॉल्व्ह बंद करून चालत नाहीत. पाइपाचा जोड (फ्लँज) उघडून मध्ये भरीव चकती (ब्लँक) बसवायला हवी, कारण दहा वर्षे न फिरवलेला व्हॉल्व्ह बंद आहे की नाही हे कोणीच सांगू शकत नाही. मग आतला माल काढणे, पाण्याने किंवा योग्य द्रावणाने धुणे, गाळ खरवडणे, पुन्हा धुणे, आणि त्यानंतर मोजणे. ऑक्सिजन १९.५ ते २३.५ टक्क्यांच्या बाहेर असेल तर माणूस आत जाणार नाही. ज्वलनशील वायू स्फोटाच्या खालच्या मर्यादेच्या (पेट घेण्यासाठी हवेत लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या) १० टक्क्यांहून जास्त असेल तरीही नाही. ज्योतीच्या कामासाठी तर शून्यच हवे. शक्य असेल तिथे हायड्रॉलिक कात्रीने थंड कटिंग करावे. रेयॉनच्या कारखान्यात कार्बन डायसल्फाइड असते. त्याची वाफ हवेपेक्षा अडीच पटींहून जड असते आणि सुमारे १०० अंश सेल्सिअसला ठिणगीशिवाय पेट घेते, म्हणजे वाफेचा गरम पाइप पुरे. हायड्रोजन सल्फाइड हाताळलेल्या टाक्यांत लोखंडाचे काळे सल्फाइड साचते. कोरडे होऊन हवा लागली की ते आपोआप धुमसू लागते, म्हणून ते बाहेर काढेपर्यंत ओले ठेवावे लागते. हे सारे रसायन अभियंत्यांना माहीत आहे. पण भंगाराच्या निविदेत त्यांचे काय काम, असा समज आहे.

ॲस्बेस्टॉसचे नाव काढले की लोकांना फक्त सिमेंटचे पत्रे आठवतात. पत्रा त्यातल्या त्यात बरा, कारण तंतू सिमेंटमध्ये बसलेले असतात. जे-हुकचे नट सोडवून तो अख्खा खाली उतरवला तर धूळ फारशी होत नाही. आपल्याकडे मात्र हातोडा मारून खाली पाडतात आणि तुकडे झाडूने गोळा करतात. याहून घातक आहे ते बॉयलर आणि वाफेच्या पाइपांवरचे जुने पांढरे लॅगिंग (उष्णता रोखणारे वेष्टन), भट्टीच्या दारातली दोरी आणि गॅस्केट. ते हाताने चुरगळते. ते साबणाच्या पाण्याने भिजवून, पाइपाच्या लांबीवर पिशवी बांधून आतल्या आत काढायचे, किंवा लॅगिंगसकट पाइपाचे तुकडे करून दोन्ही टोके प्लास्टिकमध्ये गुंडाळून न्यायचे. जाड पॉलिथिनच्या दुहेरी पिशव्या, त्यावर खूण, आणि माल तळोजासारख्या अधिकृत घातक कचरा केंद्रात. कामगारांच्या तोंडाला बांधलेला रुमाल काहीही अडवत नाही, कापडी मास्कही नाही. पी-३ फिल्टरचा (अगदी बारीक धूळ अडवणारा) घट्ट बसणारा मास्क हवा आणि तो दाढीवर घट्ट बसत नाही. ॲस्बेस्टॉसने होणारा मेसोथेलिओमा हा कर्करोग वीस ते चाळीस वर्षांनी उमटतो. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच ॲस्बेस्टॉस उद्योगातल्या कामगारांच्या आरोग्याच्या नोंदी ४० वर्षे जपण्यास सांगितले. पाडकामावरच्या मजुराचे तर हजेरीपुस्तकही ठेकेदाराबरोबर निघून जाते.

ट्रान्सफॉर्मरचे थोडक्यात. जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या तेलात पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफेनिल) हे विषारी रसायन असू शकते. देशात त्याच्या वापराची मुदत ३१ डिसेंबर २०२५ ला संपली. तेल काढून विकण्यापूर्वी नमुना तपासा, आणि दहा लाखांत ५० भागांच्या वर निघाले तर ते तेल भट्टीवाल्याला किंवा सेंटरिंगच्या फळ्यांना लावायला देऊ नका. सध्या ते तिथेच जाते.

आता माती. पाच एकरांचा भूखंड धरा, म्हणजे सुमारे २०,००० चौरस मीटर. २५ मीटरची जाळी आखली तर बत्तीसेक बोअर होतात. त्याशिवाय संप, ईटीपी, टाक्यांचा बांध, ड्रम यार्ड, प्लेटिंग शॉप (धातूचा मुलामा देण्याचा विभाग), ट्रान्सफॉर्मरचा ओटा अशा संशयाच्या जागी आठ-दहा बोअर नेमके. प्रत्येक बोअरमधून किमान तीन खोलींचे नमुने घ्यायचे: वरचा अर्धा मीटर, एक ते दीड मीटर, आणि मुरूम किंवा पाणी लागते त्याच्या जरा वर. म्हणजे सव्वाशेच्या आसपास नमुने. आमच्या अंदाजाने या सगळ्याचा खर्च तिथे उद्या विकल्या जाणाऱ्या एका फ्लॅटच्या किमतीच्या आत बसतो. आमच्या पाहण्यात येणाऱ्या अहवालांत मात्र दहा ठिकाणची माती एकत्र कालवून दोन नमुने केलेले असतात. एका कोपऱ्यातला शिशाचा किंवा क्रोमियमचा ढीग नऊ स्वच्छ कोपऱ्यांत मिसळला की आकडा मर्यादेत येतो. बाष्पशील द्रावके तर कालवतानाच उडून जातात. त्यांचे नमुने उघड्या पिशवीत नेऊन उपयोग नाही. जागेवरच मेथॅनॉलच्या कुपीत बंद करून बर्फाच्या पेटीत चार अंशांवर ठेवायचे आणि चौदा दिवसांच्या आत तपासायचे.

दुसरी पळवाट टीसीएलपी चाचणीची. 'टीसीएलपीमध्ये पास' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ही चाचणी कचरा भरावभूमीत टाकल्यावर त्यातून काय झिरपेल ते सांगते. ज्या मातीत बाग होणार आणि पोरे खेळणार, तिथे मातीत एकूण किती आहे हे पाहावे लागते. दोन्ही आकडे मागा.

काही गोष्टी तर यंत्राशिवाय दिसतात. क्रोम प्लेटिंग चालत असे त्या खोलीतल्या काँक्रीटवर पिवळट हिरवे डाग असतात आणि पावसाळ्यात भिंतीच्या पायाशी पिवळे पाणी पाझरते. ते सहा-संयुजी क्रोमियम, म्हणजे क्रोमियमचे विषारी रूप. ती फरशी फोडून तिची खडी रस्त्याच्या पायात वापरली की क्रोमियम संकुलभर पसरते. म्हणून काँक्रीटचेही कोअर (आतपर्यंतचे दंडगोल तुकडे) काढून तपासायला हवेत. पारा आणि तेल काँक्रीटमध्ये काही सेंटिमीटर आत मुरलेले असते, वरून धुऊन निघत नाही.

कोकणपट्टीत मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि मग फटींचा बेसॉल्ट. क्लोरिन असलेली द्रावके पाण्याहून जड असल्यामुळे पाण्याच्या पातळीवर थांबत नाहीत. ती फटींतून खाली उतरतात आणि कोणत्या दिशेने गेली हे वरच्या मातीवरून कळत नाही. किमान तीन निरीक्षण विहिरी त्रिकोणात घेतल्या तरच भूजलाच्या वाहण्याची दिशा काढता येते. शिवाय एक विहीर वरच्या अंगाला, तुलनेसाठी. मे महिन्याच्या अखेरीस एकदा आणि ऑक्टोबरमध्ये एकदा पाणी तपासायचे. एकट्या ऑगस्टमधला अहवाल म्हणजे पावसाने पातळ केलेला अहवाल. पाइल (इमारतीच्या पायाचे खोल खांब) घेणाऱ्यांनीही हे पाहायला हवे, कारण दूषित थरातून खडकात गेलेली पाइल वरचे विष खाली उतरायला वाट करून देते.

सर्वांत मोठी चोरवाट तळघरांच्या खोदाईची आहे. एक एकर जमीन एक मीटर खोल खणली तर सुमारे ४,००० घनमीटर, म्हणजे १,४०० ब्रासच्या वर माती निघते. वजन सात हजार टनांच्या घरात आणि डंपरच्या फेऱ्या चारशेच्या आसपास. टॉवरला दोन-तीन तळघरे असतात. या मातीचा परवाना देताना ब्रास आणि रॉयल्टी मोजली जाते. माती विषारी आहे का, हा प्रश्न त्या अर्जात नसतो. मग ती 'चांगली भरावाची माती' म्हणून भिवंडी, पनवेल, उरणच्या सखल जागी आणि खाडीकिनारी जाते. खोदाईत लागलेले पाणी पंपाने महापालिकेच्या नाल्यात. टॉवरची जागा यातून स्वच्छ होतेही, पण घाण दुसऱ्याच्या शेतात आणि विहिरीत जाते. दूषित माती असेल तर तिची प्रत्येक फेरी घातक कचऱ्याच्या मॅनिफेस्टवर (फॉर्म १०, वाहतुकीची नोंद) जायला हवी. ताडपत्री, गेटवर चाके धुण्याची सोय आणि पोचपावती हवी. पोचपावत्यांची बेरीज खणलेल्या घनमीटरशी जुळली पाहिजे. एवढी एकच पडताळणी केली तरी बरेच काही बाहेर येईल.

सफाईच्या पद्धतींचा मोठा प्रपंच इथे मांडत नाही. तेल असेल तर जिवाणूंनी काम होते, धातूंना सिमेंट-चुन्याने बांधता येते, द्रावकांना ऑक्सिडीकरण किंवा उष्णता लागते, आणि काही ठिकाणी वर अभेद्य थर टाकून झाकणे हाच व्यवहार्य मार्ग असतो. महत्त्वाचे हे की किती स्वच्छ करायचे हा आकडा जमिनीच्या पुढच्या वापरावरून आधी ठरवायचा, आणि तो विकासकाच्या सल्लागाराने ठरवायचा नाही. उशीर किती महाग पडतो हे भोपाळमध्ये दिसते. कारखान्यात पडून असलेला ३३७ टन बांधलेला कचरा २०२५ च्या जानेवारीत पीथमपूरला गेला आणि जूनअखेर जाळून संपला, म्हणजे दुर्घटनेनंतर चाळीस वर्षांनी. नागपूरच्या 'नीरी'ने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) २०१० च्या अहवालात तिथल्या दूषित मातीचा अंदाज ११ लाख टन दिला होता. ती माती त्या ३३७ टनांत नाही.

केंद्राने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम अधिसूचित केले, हे चांगले झाले. जिल्हा प्रशासनाने दर सहा महिन्यांनी संशयित जागांची यादी द्यायची, मंडळाने ९० दिवसांत प्राथमिक आणि पुढच्या ९० दिवसांत सविस्तर तपासणी करायची, सफाईचा खर्च प्रदूषण करणाऱ्याकडून घ्यायचा. मात्र देशात नोंदलेल्या १०३ दूषित स्थळांपैकी सफाई सुरू झाली ती फक्त सात ठिकाणी. आणि या १८० दिवसांत भंगारवाला जागा मोकळी करून गेलेला असेल. बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागते ती २०,००० चौरस मीटर बांधीव क्षेत्रापासून पुढे, म्हणजे छोटे भूखंड त्या चाळणीतूनही सुटतात.

म्हणून राज्य सरकारकडे आमच्या मागण्या साध्या आहेत. बंद कारखान्याची जमीन निवासी करताना कामगारांच्या देण्यांबाबत कामगार आयुक्तांचे ना-हरकत प्रमाणपत्र मागितले जाते. तसेच प्रदूषण नियंत्रण मंडळाचे माती व भूजलाचे प्रमाणपत्र मागावे, भूखंड कितीही लहान असो. हे प्रमाणपत्र पाडकामाच्या परवानगीपूर्वीचे असावे, बांधकामाच्या परवानगीपूर्वीचे नव्हे. लिक्विडेटरने भंगाराच्या निविदेतच टाक्या रिकाम्या व धुतलेल्या असल्याचा दाखला, ॲस्बेस्टॉस, पीसीबी आणि किरणोत्सारी स्रोतांची यादी जोडावी. या कामांचा खर्च लिलावाच्या रकमेतून आधी वेगळा काढावा, बँकांच्या वाटपानंतर उरेल त्यातून नव्हे. नमुने घेणारी प्रयोगशाळा मंडळाने नेमावी आणि बिल विकासकाने मंडळाकडे भरावे. पाडकामावरच्या प्रत्येक मजुराचे नाव आणि छातीचा एक्स-रे यांची नोंद मंडळाकडे राहावी.

जिथे दूषित माती झाकून ठेवण्याची परवानगी दिली जाईल, तिथे त्या थराची खोली, जागा आणि आत काय आहे याची नोंद मिळकत पत्रिकेवर चढवावी. कारण वीस वर्षांनी पाणी कमी पडले की सोसायटीची कमिटी त्याच बागेत बोअर मारायला घेणार आहे.

आपले,
काही निवृत्त रसायन अभियंते व औद्योगिक सुरक्षा अधिकारी,
ठाणे